नॉर्वेत ब्रीडिंग बंद झालंय का? शिकारी सेटर कुत्र्यांची घरगुती पैदास, सोप्या भाषेत

"नॉर्वेने कुत्र्यांच्या ब्रीडिंगवर बंदी घातली" असा एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो. तो आला की काहीजण म्हणतात वा, असंच पाहिजे, आणि काहीजण विचारतात की मग तिथले लोक शिकारीला सेटर पाळतात त्यांचं काय झालं. दोन्ही प्रतिक्रिया समजू शकतो, पण मुळात ती बातमी अर्धीच आहे.

झालं होतं असं. तिथल्या एका प्राणिकल्याण संस्थेने नॉर्वेजियन केनेल क्लब (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संघटना), दोन जातींचे क्लब आणि काही ब्रीडर्सना कोर्टात खेचलं, मुद्दा होता कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल आणि इंग्लिश बुलडॉग या दोन जातींचा. जानेवारी २०२२ मध्ये ऑस्लोच्या कोर्टाने दोन्ही जातींची पैदास बेकायदा ठरवली, वरच्या कोर्टाने बुलडॉगवाल्यांना सोडलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅव्हेलियरवरचा निर्णय कायम ठेवला. आधार होता त्यांच्या प्राणिकल्याण कायद्याचं कलम २५, ज्यात लिहिलंय की पैदास अशीच करा जिच्यातून धडधाकट आणि निरोगी जनावरं जन्मतील. कॅव्हेलियरमध्ये हृदयाचे आणि कवटी लहान असल्यामुळे मेंदू-मणक्याचे आजार इतके पसरलेत की त्याच जातीत जोड्या लावत राहणं या कलमात बसत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. दुसऱ्या जातीशी नीट विचार करून संकर करायला मनाई केलेली नाही.

म्हणजे ब्रीडिंग बंद नाहीये. वाईट ब्रीडिंग बेकायदा आहे. आणि त्याच देशात शेकडो घरांमध्ये एखादी सेटर मादी असते, तिला आयुष्यात एक-दोनदा पिल्लं होतात, स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत वाढतात आणि पुढे डोंगरात शिकारीला जातात. यांचा कोणाचा हा धंदा नाही. हे कसं चालतं, आणि यात चांगलं-वाईट कसं ओळखायचं, ते आज सांगायचंय.

सेटर म्हणजे नक्की कोणता कुत्रा

लांब केसांचा, सडपातळ, कानांना आणि शेपटीला झालर असलेला कुत्रा. चार जाती आहेत, इंग्लिश (पांढऱ्यावर काळे किंवा केशरी ठिपके), गॉर्डन (काळा-तांबूस, स्कॉटलंडचा), आयरिश रेड (पूर्ण तांबडा) आणि आयरिश रेड अँड व्हाइट. चारही जाती ब्रिटन-आयर्लंडमधल्या, पण नॉर्वे, स्वीडन, इटली इथेही शिकारीसाठी भरपूर पाळतात.

याचं काम समजलं की पुढचं सगळं समजेल, म्हणून इथे जरा थांबतो. नॉर्वेत १० सप्टेंबरला टार्मिगनची शिकार सुरू होते. टार्मिगन म्हणजे तितराच्या लांबच्या नात्यातला डोंगरी पक्षी, हिवाळ्यात पांढरा होतो. झाडं नसलेल्या उघड्या पठारावर खुरट्या झुडपांत तो असा दबून बसतो की माणूस बाजूने गेला तरी दिसत नाही. सेटरला मोकळा सोडला की तो वाऱ्याला आडवा, डावीकडून उजवीकडे आणि परत, खूप लांबवर, डोकं वर ठेवून पळतो आणि जमिनीवरचा माग हुंगत न बसता हवेतून येणारा वास पकडतो. वास मिळाला की जागच्या जागी थिजतो. नाक पक्ष्याकडे, कधी एक पाय उचललेला, अंग ताणलेलं. याला पॉइंट म्हणतात. मालक चालत येईपर्यंत, कधी पाच-दहा मिनिटंसुद्धा, तो तसाच उभा. मग हुकूम मिळाला की पुढे झेपावून पक्षी उडवायचा, आणि पक्षी उडाल्यावर, बंदूक वाजल्यावर, त्याच्यामागे अजिबात पळायचं नाही. दुसरा कुत्रा पॉइंटवर दिसला तर स्वतःला वास आला नसला तरी त्याचा मान राखून थांबायचं.

बंदुका यायच्या आधी हेच कुत्रे पक्ष्यासमोर दबून बसायचे आणि माणसं वरून जाळं टाकायची.

आता बघा, पक्ष्यामागे न पळणं हे शिकवता येतं. पण वास आल्यावर थिजणं, एवढ्या मोठ्या पठारावर मालकापासून लांब जाऊनही त्याच्याशी संबंध न तोडणं, दिवसभर पळायची ओढ, हे बरंचसं रक्तात घेऊनच पिल्लू येतं. आठ-दहा आठवड्यांची पिल्लंसुद्धा काठीला बांधलेल्या पिसासमोर पॉइंट करतात.

कुत्रा दिसायला सुंदर आहे, मग अजून काय पाहिजे?

हीच पहिली गल्लत. सेटर इतका देखणा आहे की एकोणिसाव्या शतकात डॉग शो सुरू झाल्यावर लोकांनी त्याला दिसण्यासाठीच वाढवायला घेतलं. ब्रिटन-अमेरिकेत त्यामुळे एका नावाखाली जवळजवळ दोन कुत्रे झाले, शोवाले जड अंगाचे आणि भरपूर केसांचे, आणि कामवाले हलके, चपळ, कमी केसांचे.

आजच्या इंग्लिश सेटरची सुरुवातही एका माणसाच्या खासगी पैदाशीतून झाली. एडवर्ड लॅव्हरॅकने १८२५ मध्ये एका पाद्रीकडून पोन्टो आणि ओल्ड मॉल ही जोडी घेतली आणि पुढे अनेक दशकं त्याच रक्तात जोड्या लावत राहिला, निदान त्याच्या वंशावळी तसं सांगतात, त्या सगळ्या खऱ्या होत्या का यावर तेव्हापासून वाद आहेत. नंतर रिचर्ड पर्सेल लुएलिनने त्याचे कुत्रे घेतले आणि बाहेरच्या कामवाल्या रक्ताशी मिसळले, त्यातून आलेले कुत्रे अमेरिकेत शिकारी लोकांनी डोक्यावर घेतले. लॅव्हरॅकचे कुत्रे देखणे, पण शिकारीत नाव निघालं ते बाहेरचं रक्त मिसळल्यावर. माझ्या मते यात पुढच्या सगळ्या वादांचं बीज आहे.

नॉर्वेत यावर एक उपाय आहे आणि मला तो फार आवडतो. सेटरला तिथे शोमधला चॅम्पियन हा किताब घ्यायचा असेल तर शिकारीच्या परीक्षेतही बक्षीस लागतं. नुसत्या केसांवर किताब नाही.

परीक्षा आणि सगळ्यांना दिसणारी नोंद

शिकारीची परीक्षा म्हणजे खऱ्या डोंगरात, खऱ्या पक्ष्यांवर. कुत्रे जोडीने सोडतात, परीक्षक मागून चालत किंवा हिवाळ्यात स्कीवर येतो. दोन वर्षांखालच्या कुत्र्यांचा वर्ग वेगळा, मोठ्यांचा वेगळा, आणि जिंकलेल्यांचा आणखी वेगळा. परीक्षक शिकारीची ओढ, वेग, शैली, स्वतंत्रपणा, किती रुंद शोध घेतो, शोध किती पद्धतशीर घेतो आणि मालकाशी सहकार्य, या प्रत्येकाला १ ते ६ असे गुण देतो आणि खाली दोन-चार ओळी लिहितो.

आणि हे सगळं केनेल क्लबच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये जातं, जो कोणीही उघडून बघू शकतो. फेल झालेलं पण दिसतं. कुत्र्याच्या भावंडांचं, आईबापाचं, खुब्याच्या एक्स-रेचा निकाल, सगळं.

मला विचाराल तर घरगुती पैदाशीची खरी ताकद इथेच आहे. एका घरात एक मादी असलेला माणूस एकटा काहीच ठरवू शकत नाही, त्याच्याकडे आकडे नाहीत, अनुभव फार तर तीन-चार कुत्र्यांचा. पण अशा शेकडो घरांनी आपापले निकाल, वाईट निकालांसकट, एका जागी टाकले की तो छोटा माणूससुद्धा मोठ्या कळपातून निवड केल्यासारखी निवड करू शकतो. नोंद लपवली की हे संपलं, मग उरतो नुसता घरातला हौशी माणूस आणि त्याचा अंदाज.

परीक्षेत पहिला आलेला नर आणला की झालं ना?

नाही, आणि इथे एक शब्द समजून घ्यावा लागेल, आनुवंशिकता-प्रमाण. शंभर कुत्र्यांच्या गुणांमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती हिस्सा रक्तातून आलाय त्याचा हा आकडा. शिकारीच्या गुणांसाठी तो कमी निघतो कारण त्या दिवशी वारा कसा होता, पक्षी होते की नव्हते, कुत्रा कोणी शिकवला, सोबतचा कुत्रा कसा होता, या सगळ्याचा निकालावर परिणाम होतो. एका चांगल्या दिवशी मध्यम कुत्रा पहिला येतो, आणि पक्षीच नसलेल्या पठारावर उत्तम कुत्रा रिकाम्या हाताने परततो.

मग करायचं काय, तर एका निकालाऐवजी सगळ्या नातेवाईकांचे निकाल एकत्र बघायचे. बाप, आई, भावंडं, सावत्र भावंडं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी झालेली पिल्लं. कॉम्प्युटर हवामान-जागा-वर्ष यांचा परिणाम वजा करून प्रत्येक कुत्र्याला एक अंदाज देतो की याची पिल्लं सरासरीपेक्षा किती बरी निघतील, याला पैदास-मूल्य म्हणतात. दुधाळ गाई निवडायला हीच पद्धत जगभर वापरतात. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या इंग्लिश सेटर्सवर एक अभ्यास झाला त्याचा निष्कर्ष हाच होता की ब्रीडर्सनी निवडीची पद्धत सुधारली तर शिकारीच्या गुणांतली पिढ्यान्‌पिढ्यांची प्रगती बरीच वाढू शकते.

म्हणून ट्रॉफ्यांचं कपाट दाखवणाऱ्या ब्रीडरपेक्षा "या मादीच्या आठ भावंडांपैकी किती परीक्षेला गेली आणि त्यातली किती पास झाली" हे सांगणारा ब्रीडर मला जास्त भरवशाचा वाटतो.

प्रत्यक्षात एक वेत कसं घेतात

हा भाग थोडक्यात. मादी दोनेक वर्षांची होईपर्यंत पिल्लांचा विषय नाही, तोपर्यंत तिची शिकार बघायची, परीक्षा द्यायच्या, खुब्याचा एक्स-रे काढायचा. एक्स-रे ए ते ई अशा श्रेणीत वाचला जातो आणि तो कुत्र्याचा नेहमीचा डॉक्टर न वाचता केनेल क्लबकडचे तज्ज्ञ वाचतात, त्यामुळे ओळखीचा प्रश्न येत नाही. ए किंवा बी म्हणजे खुबा ठीक.

मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. नेमका दिवस कळायला रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तपासतात, कारण नर शेकडो किलोमीटर लांब असू शकतो आणि गाडीने तिथवर जाऊन दिवस चुकला तर पुढच्या माजापर्यंत थांबा. गर्भ ६३ दिवसांच्या आसपास. सहा ते दहा पिल्लं सेटरला अगदी सामान्य. डोळे दहा-चौदा दिवसांनी उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून पुढे जवळजवळ तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ पिल्लाचा स्वभाव घडायचा असतो, माणसं, मुलं, भांड्यांचे आवाज, गाडी, गवत, पाऊस, सगळं तेव्हाच दाखवायचं. घरात वाढलेलं पिल्लू आणि लांब शेडमध्ये वाढलेलं पिल्लू यांत फरक पडतो तो मुख्यतः इथे. आठ आठवड्यांच्या आधी पिल्लू द्यायचं नाही.

एक वेगळी पद्धत सांगतो जी आपल्याकडे फारशी दिसत नाही. चांगल्या वेतातल्या दोन-तीन माद्या पुढे हव्यात पण घरात जागा एकाच कुत्र्याची, मग ब्रीडर एखादी मादी दुसऱ्या कुटुंबाला पैसे न घेता किंवा कमी पैशात देतो, ती त्यांच्याच घरी राहते, त्यांचीच लाडकी असते, पण करारात लिहिलेलं असतं की तिचं एखादं वेत ब्रीडरच्या नावावर होईल. त्यामुळे दहा पिंजऱ्यांचं केनेल न बांधता पैदास चालू राहते. करार नीट लिहिला नाही तर भांडणं होतात हेही खरं.

जवळच्या नात्यात जोडी लावली तर काय होतं?

हा प्रश्न मराठी माणसाला समजावणं सोपं आहे. आपल्याकडे सगोत्र लग्न नको म्हणतात, चुलत बहीण म्हणजे सख्खी बहीणच, पण बऱ्याच समाजांत मामाची मुलगी चालते, नव्हे तिच्यावर पहिला हक्क मानतात. गोत्र बापाच्या बाजूने मोजलं जातं म्हणून हा फरक. जनुकं मात्र दोन्हीकडून येतात, त्यामुळे चुलत काय आणि मामे काय, पोटी येणाऱ्या मुलाच्या बाबतीत आकडा एकच येतो, ६.२५ टक्के. या आकड्याला अंतर्प्रजनन-गुणांक म्हणतात, म्हणजे कुठल्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आल्या असण्याची शक्यता. सावत्र भावंडांची जोडी लावली तर १२.५, सख्ख्या भावंडांची किंवा बाप-मुलीची लावली तर २५.

नॉर्वेजियन केनेल क्लब सांगतो की पाच पिढ्यांवर मोजलेला हा आकडा ६.२५ च्या खाली ठेवा, म्हणजे मामे-आते भावंडांएवढी किंवा त्याहून जवळची जोडी नको. पूर्वी ब्रीडर उलट करायचे, एखादा उत्तम कुत्रा वंशावळीत दोन्ही बाजूंना आणायचे म्हणजे गुण "पक्के" होतील. गुण पक्के होतात हे काही प्रमाणात खरंय, पण दोषही तितकेच पक्के होतात, आणि वेत लहान होणं, पिल्लं दगावणं, प्रतिकारशक्ती कमी पडणं हे हळूहळू येतं, एका पिढीत दिसत नाही, म्हणूनच ते धोक्याचं आहे.

निरोगी आईबापाला आंधळं पिल्लू कसं होतं?

होतं, आणि सेटरच्या इतिहासात ते फार वेळा झालंय. काही दोष असे असतात की जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार दिसतो. एक बिघडलेली, एक चांगली असेल तर कुत्रा ठणठणीत, तो फक्त वाहक. दोन वाहकांची जोडी लागली तर सरासरी चारात एक पिल्लू आजारी, दोन वाहक आणि एक स्वच्छ, म्हणजे दोष नसलेलं.

आयरिश रेड सेटरमध्ये डोळ्याच्या पडद्याचा असा आजार होता, पिल्लाला आधी अंधारात दिसेनासं होतं आणि तरुणपणीच कुत्रा आंधळा होतो. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये यावर उपाय म्हणून चाचणी-जोड्या लावल्या. ज्या नरावर शंका त्याची जोडी आंधळ्या मादीशी लावायची आणि पिल्लांचे डोळे तपासायचे. नर वाहक असेल तर सरासरी निम्मी पिल्लं आंधळी व्हायला हवीत, सहाच्या सहा पिल्लं डोळस निघाली तर तो वाहक असण्याची शक्यता खूप कमी (वाहकाला सहाही डोळस होणं म्हणजे ६४ मध्ये १ वेळा). विचार करा, एक नर स्वच्छ ठरवायला मुद्दाम आंधळी पिल्लं जन्माला घालायची तयारी ठेवावी लागायची. किती दुःखाचं काम असेल ते. १९९३ मध्ये नेमकं बिघडलेलं जनुक सापडलं आणि आता गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून पाठवली की उत्तर मिळतं.

याच जातीत दुसरा आजार होता ज्यात पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचूच शकत नाहीत, पिल्लाला एकामागून एक इन्फेक्शन, हिरड्या सुजलेल्या, आणि लहानपणीच मृत्यू. त्याचं जनुक १९९९ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी शोधलं. आणि नॉर्वेत इंग्लिश सेटरमध्ये मेंदूचा एक आजार होता, कुत्रा साधारण वर्षभर नॉर्मल, मग नजर मंद, वागणं बिघडलेलं, झटके, आणि दोन वर्षांच्या आसपास मरण. नॉर्वेतल्या निल्स कोप्पांग या पशुवैद्यक संशोधकाने या कुत्र्यांवर अनेक वर्षं काम केलं, माणसाच्या मुलांमध्ये होणाऱ्या बॅटन रोगाच्या गटातलाच हा आजार असल्यामुळे त्याचा उपयोग मानवी वैद्यकालाही झाला.

मग सगळे वाहक काढून टाका ना?

पटकन असंच वाटतं. पण समजा जातीतले २० टक्के कुत्रे एका आजाराचे वाहक आहेत आणि तुम्ही सगळे बाद केले, तर त्यांच्यासोबत त्यांची बाकीची हजारो चांगली जनुकंही गेली. पुढच्या वर्षी दुसऱ्या आजाराची टेस्ट आली, पुन्हा २० टक्के बाद. असं तीन-चारदा केलं की उरलेले सगळे एकमेकांचे जवळचे नातेवाईक, आणि मग आज टेस्टसुद्धा नसलेला एखादा नवीन दोष वर येतो. त्यापेक्षा उत्तम वाहक मादी आणि स्वच्छ नर अशी जोडी लावायची, यात एकही पिल्लू आजारी होत नाही, निम्मी वाहक होतात, आणि त्यातलं स्वच्छ पिल्लू पुढे न्यायचं. वाहक असणं ही लाज वाटायची गोष्ट नाही. टेस्ट न करणं आहे.

सगळ्यांना एकच नर हवा असतो

घरगुती पैदाशीतला सगळ्यात मोठा धोका मला हा वाटतो, वैयक्तिक बेजबाबदारपणापेक्षाही मोठा. प्रत्येक ब्रीडर आपल्या एका वेतासाठी प्रामाणिकपणे उत्तम नर शोधतो, आणि त्या वर्षी उत्तम नर कोण, तर मोठी परीक्षा जिंकलेला तो एकच, त्यामुळे चाळीस घरं वेगवेगळा विचार करून त्याच दारात पोचतात. कोणाचंच वैयक्तिक चुकत नाही आणि तरी सगळ्यांचं मिळून चुकतं. दोन पिढ्यांनी असं होतं की तो नर ज्याच्या वंशावळीत नाही असा जोडीदारच मिळत नाही, आणि त्याच्यात एखादा लपलेला दोष असेल तर तो सगळीकडे पोचलेला असतो.

म्हणून मर्यादा घालतात. नॉर्वेजियन केनेल क्लबची सूचना अशी की एका कुत्र्याची पिल्लं पाच वर्षांत त्या जातीत नोंद झालेल्या पिल्लांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत, मोठ्या संख्येच्या जातीत तर २ टक्के. चांगला ब्रीडर अशा वेळी पहिल्या नंबरचा नर सोडून त्याच्या फारशा न वापरलेल्या, पण चांगले निकाल असलेल्या भावाकडे जातो. दूरच्या देशातला नर आणणं हा दुसरा मार्ग.

छोट्या प्रमाणावर म्हणजे आपोआप चांगलं का?

नाही. "आम्ही काही फॅक्टरी नाही, घरीच करतो" हे वाक्य खूप ठिकाणी ऐकायला मिळतं आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण एक्स-रे न काढता, नातं न बघता शेजारच्या नराशी जोडी घरातही लागते.

पण छोट्या माणसाच्या हातात काय असू शकतं त्याचं उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. तांबडा सेटर इतका लोकप्रिय झाला की लाल-पांढरा जवळजवळ संपला. पहिल्या महायुद्धानंतर काउंटी डाऊनमधल्या नोबल ह्यूस्टन नावाच्या एका पाद्रीने तो टिकवला. केनेल क्लबात नोंद करण्याऐवजी तो पिल्लांची नोंद चर्चच्या रजिस्टरमध्ये, गावातल्या माणसांच्या जन्ममृत्यूच्या नोंदींसोबत ठेवायचा असं या जातीच्या इतिहासात सांगितलंय. १९४० च्या दशकात मॉरीन कडी यांनी अशा जुन्या रक्तातली ज्युडिथ ऑफ नॉकाला ही मादी वाढवली आणि आजचे बहुतेक लाल-पांढरे सेटर मागे जाऊन तिच्यापाशी पोचतात. जात वाचली, पण इतक्या थोड्या कुत्र्यांतून वाचली की अरुंद रक्ताचा प्रश्न आजही आहे, ब्रिटनच्या केनेल क्लबच्या धोक्यातल्या देशी जातींच्या यादीत ती आहे, गॉर्डन सेटरसुद्धा आहे. वर्षाला ३०० पेक्षा कमी पिल्लांची नोंद झाली की जात त्या यादीत जाते.

पण हे सगळं शेवटी पक्षी मारायलाच ना?

हा आक्षेप मी मनापासून घेतो, मला स्वतःला बंदुकीचं काडीचंही आकर्षण नाही. पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. नॉर्वेत शिकारीचं लायसन्स परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही, आणि टार्मिगनची संख्या कमी असेल त्या वर्षी किती पक्षी मारायचे यावर अनेक ठिकाणी मर्यादा येते. ती मोजणी होते ऑगस्टमध्ये आणि ती करतात हेच पॉइंट करणारे कुत्रे. स्वयंसेवक ठरलेल्या रेषेवर चालतात, कुत्रा शोधतो, थिजतो, पक्षी उडाले की किती आणि रेषेपासून किती लांब ते लिहून घेतात, त्यावरून शास्त्रज्ञ संख्या काढतात. दुसरं म्हणजे कुत्रा नसेल तर जखमी पक्षी झुडपात हरवतो आणि हाल होऊन मरतो. तरीही शिकार नकोच असं कोणाचं मत असेल तर मी वाद घालणार नाही. एवढंच की दिवसभर डोंगरात धावण्यासाठी घडलेला कुत्रा सहसा श्वास घेऊ शकतो, पळू शकतो, आणि कॅव्हेलियरच्या खटल्यात नेमका हाच प्रश्न होता, कुत्र्याचं शरीर त्याला साथ देतं का.

पुण्यात सेटर घ्यावा का?

माझं मत नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही, आणि ज्याच्या रक्तात रोज कित्येक किलोमीटर पळणं आहे त्याला लांब केसांसकट उन्हाळ्यात टू बीएचकेमध्ये ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे. भारतात पैदास करून पिल्लं विकायची तर २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. ब्रीडर नोंदणी क्रमांक सांगू शकत नसेल तर तिथून परत फिरा. केनेल क्लबचा कागद दाखवला तर तो बघा, पण त्या कागदावर फक्त आईबाप कोण एवढंच असतं, ते निरोगी आहेत का हे नसतं.

हे सगळं आपल्या कामाचं आहे ते दुसऱ्याच कुत्र्यासाठी. सोलापूर-मराठवाड्याकडचा कारवानी, आणि तोच सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ हाउंड, जो मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासला. हाही शिकारी कुत्रा, हाही पिढ्यान्‌पिढ्या गावागावांत एकेका घरातल्या एकेका मादीवर टिकलेला, नॉर्वेतल्या सेटरसारखाच. मुधोळजवळ तिम्मापूरला त्याचं सरकारी संशोधन केंद्र आहे. पण गावातल्या पाळणाऱ्यांकडे बहुतेकदा सगळी वंशावळ तोंडी असते, आजोबा गेले की ती गेली, आणि आता मागणी वाढल्यावर ज्याच्याकडे नावाजलेला नर त्याच्याकडेच सगळ्यांच्या माद्या जायला लागल्यात.

सुरुवात करायला डेटाबेस नको, शंभर पानी वही चालेल. मादीचं नाव, तिचे आईबाप आणि आजी-आजोबा, नर कोणाचा, व्यायल्याची तारीख, किती पिल्लं झाली, किती जगली, कोणाला कुठल्या गावात दिली, आणि दोन वर्षांनी त्या प्रत्येक घरी एक फोन करून पिल्लू कसं आहे, पाय-डोळे-कान ठीक आहेत का, एवढं लिहायचं. कोणाकडे कारवानीच्या तीन-चार पिढ्यांची अशी नावं लिहिलेली किंवा पाठ असतील तर मला पाठवा, ठरवलेल्या जोडीचा नात्याचा आकडा किती येतो ते मी काढून देईन.